घोरावाडीची वायर

चाचांच्या घरातून नुसतं उठून निघून जायची सोय कुणालाच नव्हती. मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. सकाळी शाळेला निघताना स्कूटर सुरू केली की ओट्यावरून आवाज यायचा, "थांबा बाई." मग चाचा उठणार, स्कूटरच्या मागे जाऊन चाकांकडे, स्टँडकडे, माझ्या ओढणीच्या टोकाकडे बघणार, आणि मगच खांद्यावरचा हिरवा पंचा हलवून म्हणणार, "ऑल राइट." पहिल्या आठवड्यात मला ते गोड वाटलं. पुढे वैताग यायला लागला. शाळेची घंटा काही यांच्या पंच्यासाठी थांबत नव्हती. एकदा मी तशीच निघून गेले, तर संध्याकाळी जिन्यात गाठून अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, डायवरला फकस्त पुढचं दिसतं. मागचं बघायला एक माणूस लागतो." दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने थांबायला लागले.

मागचं बघण्यातच त्यांची हयात गेली होती. पुणे-लोणावळा लोकलचे ते गार्ड. निवृत्तीनंतर कामशेतजवळ वडिवळ्याला, भावकीच्या जागेत घर बांधून राहिले होते. पुढे रेल्वेने गार्डाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, तेव्हा पेपर माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघा, नोकरी सुटल्यावर बढती." निवृत्त झाले त्याच दिवशी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून तांदळाच्या डब्यात टाकलं होतं. "मिनटं मोजून मोजून जेवलो. आता भूक लागंल तवा जेवनार." त्या घरात जेवण कधी होईल याचा नेम नव्हता. चाची, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "ह्यांची गाडी रुळावरनं उतरली ती उतरलीच."

दुसरी खोड म्हणजे दिसेल ती वस्तू उघडायची. "उघडल्याबिगर कळत न्हाई," हे त्यांचं ब्रीद. मिक्सर उघडला, सायकलचा पंप उघडला, माझी इस्त्री तर मी शाळेत असताना, काही बिघडलेलं नसताना उघडली. परत दिली तेव्हा सोबत एक स्क्रू हातावर ठेवला. मी म्हटलं, "हा कुठला?" तर म्हणाले, "जास्तीचा व्हता." अशा वेळी या माणसाला दोन शब्द सुनवावेत असं फार वाटायचं. पण इस्त्री चालायची, आणि आधीपेक्षा बरी तापायची, हेही खरं.

चाची घोरावाडीच्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, तळेगाव आणि बेगडेवाडी यांच्या मध्ये घोरावाडी नावाचं स्टेशन आहे. लहानसं आहे, पण आहे. चाचांच्या मते नव्हतं. "ते ठेसन न्हाई, बाई. तितं डायवर शिंकायला थांबतो." लग्न झाल्यापासून हा खेळ चालू होता. घरी कुणी पाहुणा आला आणि लोकलचा विषय निघाला की चाचा बोटांवर स्टेशनं मोजायला लागायचे. "लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, बेगडेवाडी…" की आतून चाचींचा आवाज, "गाडी मागं घ्या." चाचा कानाला हात लावून म्हणायचे, "काय म्हनती? ऐकू येत न्हाई, देहूरोड आलं." मग दोघंही आपापल्या जागी हसायचे. नोकरीत चाचांनी घोरावाडी एकदाही चुकवलं नसणार, पण घरात त्या स्टेशनावर त्यांची गाडी कधीच थांबली नाही. इतकी वर्षं झाल्यावर जिभेला वळणच पडलं होतं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता चाचींना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पाय सुधारला, जीभ तर कधी अडखळलीच नाही. डाव्या हाताची बोटं मात्र ऐकेनाशी झाली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, हेच काही महिने महत्त्वाचे आहेत, बोटांना कामाला लावा, नाहीतर हात असाच आखडून राहील. दाबायला एक पिवळा रबरी चेंडू दिला होता. चाचींनी तो थोडे दिवस मांडीवर बाळगला आणि एका सकाळी अंगणात कोंबड्यांत भिरकावला. "मी काय तान्हं बाळ हाय, चेंडू धरून बसायला?"

भाकरी थापायला दोन हात लागतात. चाचींच्या भाकरीचं गावात नाव होतं. आता भाकरी चाचा करायचे, तिला कोपरे असायचे. चाची स्वयंपाकघरात यायच्याच बंद झाल्या. डावा हात पदराखाली घेऊन खिडकीशी बसून राहायच्या. मला त्यांचा रागही यायचा आणि वाईटही वाटायचं. काही बोलायला गेलं की म्हणायच्या, "तू वर जाऊन पेपर तपास, पोरी." चाचांनी तर एकदाही समजूत घातलेली मी ऐकली नाही. या माणसाला काळजी आहे की नाही, असंसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं.

मग भातकापणी उरकल्यावर एके दिवशी त्यांनी मला अंगणात थांबवलं. "रविवारी मोकळ्या हाय का? तुंगार्लीला एक वस्तू उघडायची हाय."

लोणावळ्याच्या तुंगार्लीत तळ्याच्या वरच्या अंगाला एक बंगला होता. चाचींचे भाऊ एकेकाळी तिथले राखणदार. मालक मुंबईचे, वर्षातून एकदा येणारे. त्या बंगल्यात पिनबॉलचं मशीन होतं. चाचा त्याला गोटीचं मशीन म्हणायचे आणि ते बरोबरच होतं. काचेखाली उतरतं टेबल, त्यावरून लोखंडी गोटी घरंगळत खाली येते. तळाशी दोन बाजूंना दोन पाती असतात. पेटीच्या डाव्या-उजव्या अंगाची बटणं दाबली की ती ती पाती उडतात आणि गोटीला परत वर धाडतात. गोटी मधून निसटली की गेली. लग्नाच्या नव्या नवलाईत चाचा-चाची सुट्टीच्या दिवशी भावाकडे जायचे आणि दुपारभर त्यावर खेळायचे. चाची जिंकायच्या. "हिचा डावा हात काय सांगू, बाई. गोटी खाली यायच्या आदी पातं वर." आणि हरायची वेळ आली की चाची कमरेने मशीनला असा धक्का द्यायच्या की सगळे दिवे विझून डाव बंद पडायचा. मशीन रुसलं, असं ते म्हणायचे.

आता बंगला विकला गेला होता. नवा मालक तो पाडणार होता. जुन्या मालकांच्या मुलीने फोनवर सांगितलं होतं की सोमवारी भंगारवाला येतोय, त्याआधी नेता आलं तर खुशाल न्या.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. रबरी चेंडू नको, तर डावं बटण. मी विचारलं, "यानं हात सुधारेल असं डॉक्टर म्हणाले?"

"डाक्टरला इचारलंच न्हाई. तिला हरायला आवडत न्हाई, येवढं मला म्हाईत हाय."

सगळ्यांनी सांगितलं, छोटा टेम्पो करा. शेजारचे आबा स्वतःचा ट्रॅक्टर द्यायला तयार होते. चाचा ऐकतील तर शपथ. त्यांच्या छोट्या मोटारीचं मागचं दार वर उघडायचं, तिची मागची सीट काढून त्यांनी घरात ठेवली, आत भाताचा पेंढा अंथरला आणि म्हणाले, "आपला डबा दुसऱ्याच्या गाडीला जोडायचा न्हाई." चाची यायला नाहीच म्हणत होत्या. पण भाऊ जिथे राहिला ते घर पाडणार म्हटल्यावर शेवटचं बघायला म्हणून पुढच्या सीटवर बसल्या. मशीनचं नाव त्यांनी काढलं नाही आणि चाचांनीही काढलं नाही.

बंगल्यात धूळ माखलेलं ते धूड बघून मला तर घाम फुटला. चाचांनी पंचा कमरेला बांधला. आधी काच सरकवून बाहेर काढली आणि गोधडीत गुंडाळली. मग आत हात घालून तारेला टांगलेलं एक वजन सोडवलं आणि बोटावर लोंबकळत ठेवून मला दाखवलं. गवंड्याच्या ओळंब्यासारखंच दिसत होतं. मशीन हललं की हे भोवतालच्या कड्याला टेकतं आणि डाव बंद. "रुसवा हितं असतोय," म्हणून त्यांनी ते खिशात टाकलं. खालची पेटी आणि वरचं उभं डोकं, ज्यावर आकडे आणि दिवे असतात, ही दोन वेगळी करायची होती. त्यांच्यामधले मूळचे प्लग कधीकाळी कुणा कारागिराने काढून सगळ्या वायरी डोक्यातल्या एका पट्टीवर स्क्रूने कसल्या होत्या. वायरींचे रंग उडून सगळ्या एकसारख्या मातकट झालेल्या. कुठली कुठे, हे लिहून ठेवल्याशिवाय सोडवण्यात अर्थ नव्हता.

"नंबर टाका," मी म्हणाले.

"नंबर नको. इंग्रजी सहा उलटा धरला की नऊ होतोय. ठेसन उलटं धरलं तरी ठेसनच ऱ्हातं."

असं म्हणून त्यांनी चाचींकडे न बघताच चिकटपट्टीचा एक रोल आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं. "मी खालनं वायरींना नावं देतो, तू वर स्क्रूंना दे. डावीकडनं लोणावळा. पुण्याकडं जायाचं." आणि ते पेटीच्या पोटात शिरले, बाहेर नुसते पाय. चाची थोडा वेळ तशाच बसल्या. मग त्यांनी पेन उचललं. एका हाताने पट्टी फाडता येईना, मी पुढे झाले तर मला डोळ्यांनी बाजूला केलं आणि दातांनी फाडली. दोघंही तोंडातल्या तोंडात स्टेशनं म्हणत होते, ते आत, त्या बाहेर. मला वाटलं, काय एकमत आहे या जोडप्याचं.

कसंबसं ते सगळं मोटारीत बसलं. पेटी पेंढ्यावर, डोकं दुसऱ्या गोधडीत गुंडाळून पेटीवर, लोखंडी पाय कडेला, आणि उरलेल्या सांदीत उशीवर मी, तोंड मागे करून, मांडीला काच टेकवून. मागचं दार अर्धवट उघडंच, दोरीने बांधलेलं. मी "ऑल राइट" म्हटल्याशिवाय चाचा गाडी हलवेनात. प्रत्येक गतिरोधकाला विचारायचे, "मागं कसंय?" मी सांगायची. मागून येणाऱ्या रविवारच्या गाड्या हॉर्न वाजवून जीव खात होत्या. कार्ला फाट्यावर हवालदाराने थांबवलं. गोधडीत गुंडाळलेल्या त्या लांबट ऐवजाकडे बघून त्याचा चेहरा गंभीर झाला.

"आत काय आहे?"

"खाली पेटी हाय, वर डोकं," चाचा म्हणाले.

"डोकं? कुणाचं?"

"ह्यांचं," पुढून चाची म्हणाल्या. "कामाचं न्हाई म्हनून काढून ठिवलंय."

हवालदाराने गोधडीचं टोक उचलून बघितलं, डोक्याच्या काचेवर रंगवलेली बाई त्याच्याकडे बघून हसत होती. त्याने गोधडी परत नीट पांघरली आणि हाताने जा म्हणून सांगितलं. झटका आल्यापासून चाचींनी केलेली ती पहिली थट्टा. मी मान वळवली की आरशात चाचांचा चेहरा दिसायचा. कामशेत येईपर्यंत तो माणूस एकटाच हसत होता.

ओट्यावर मशीन उभं करायला आबा आणि त्यांच्या घरची माणसं आली. "गोटी खेळायला येवढं धूड?" म्हणत त्यांनी ते उचललं. चाचांनी एकेक वायर पट्टीवर कसली. शेवटी डोक्याच्या आतून त्यांचा आवाज आला, "एक वायर जास्तीची राहिली. एक स्क्रूबी राहिलाय. राहिलेली राहिलेल्याला." तो खिशातला रुसवा मात्र त्यांनी मुद्दाम परत लावला नाही.

बटण दाबलं, दिवे लागले. ओट्यावर जमलेली माणसं एकदम "आयला" म्हणाली. उजवं बटण दाबलं, उजवं पातं उडालं. डावं बटण दाबलं तर वर घंटा वाजली. पातं जागचं हललं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा घंटा. चाचांनी उघडून बघितलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. त्या उरलेल्या एकीखेरीज सगळी नावं नावांना जुळत होती. ज्या एका बटणासाठी ते धूड लोणावळ्याहून आणलं तेच मुकं झालं होतं. चाची हळूच उठून आत गेल्या. बोलल्या एवढंच, "जाऊ द्या. हाताचं आनि मशीनचं सारखंच झालं."

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. मशीनवर चादर. सकाळी पंचा हलायचा, पण "ऑल राइट" नाही. मला वाटायचं, दोन शब्द सुनवायची हीच वेळ होती का? चाचींची बोटं आता आत वळायला लागली होती, आणि ते आम्हां तिघांनाही दिसत होतं.

एका शनिवारी मी शाळेतून दुपारी परतले तर चाचा चादर काढून मशीनचं डोकं मागून उघडून पुन्हा बसलेले. चाची ओट्यावरच्या माठातलं पाणी प्यायला बाहेर आल्या, आणि काय मनात आलं कोण जाणे, चष्मा सावरून आत वाकल्या.

"ही खडकी माझ्या घोरावाडीवर कुनी आनून घातली?"

"एकच जागा राहिलीती. लावली," चाचा म्हणाले. "बाकीच्या जितल्या तितं हायत. बेगडेवाडी बेगडेवाडीला, देहूरोड देहूरोडला."

चाची त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुमच्या बेगडेवाडीच्या आदी काय हाय?"

"तळेगाव."

"आनि माझ्या?"

चाचांचा हात स्क्रूड्रायव्हरसकट तसाच वर राहिला. मला समजायला जरा वेळ लागला. चाचांनी वायरींना नावं देताना सवयीने घोरावाडी गाळलं होतं. चाचींनी स्क्रूंना नावं देताना ते अर्थातच घेतलं होतं. तळेगावपर्यंत दोघांचं एक. तिथून पुढची प्रत्येक वायर एकेक घर पुढे जाऊन बसली होती, आणि जागाच न उरलेली शेवटची खडकी रिकाम्या घोरावाडीवर. नावं जुळत होती आणि जागा चुकत होत्या.

मला वाटलं, आता चाची फाडून खाणार. त्यांनी खुर्ची ओढली, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "गाडी मागं घ्या."

चाचांनी गाडी मागे घेतली. एकेक वायर सोडवून एकेक घर मागे. चाची जागा सांगायच्या, चाचा वायर लावून ती जागा मोठ्याने म्हणायचे. पहिल्याच जागेला ते अडले. चाची थांबून राहिल्या. मग चाचा घसा साफ करून, फलाटावर म्हणावं तसं खणखणीत म्हणाले, "घोरावाडी." आबा कुंपणापलीकडून विचारायला लागले की काय झालं. चाची म्हणाल्या, "काय न्हाई, आबा. ठेसन आलं."

डावं बटण दाबलं. डावं पातं उडालं.

आता खरं कोडं पुढे होतं. चाचा मशीनच्या उजव्या अंगाला जाऊन उभे राहिले, डावीकडची जागा मोकळी ठेवून. गोटी सोडली. गोटी दिव्यांत आपटत, घंट्या वाजवत खाली आली. उजवीकडे आली तेव्हा चाचांनी परतवली, डावीकडे आली तेव्हा नुसते बघत राहिले. गोटी गेली. दुसरी सोडली, तीही डावीकडून गेली. चाची खुर्चीवरून म्हणाल्या, "दाबा की डावं." चाचा म्हणाले, "ती हद्द माजी न्हाई." आणखी एक गेली. "अवो, हात हाय ना तुमाला?" चाचांनी पुढची गोटी तयार केली. माझे तर दात दातांवर. इतका हट्टी माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि त्या क्षणी मला तो इतका आवडला की सांगता येत नाही.

चाची उठल्या. मशीनच्या डाव्या अंगाला आल्या. इतके दिवस पदराखाली असलेला डावा हात त्यांनी उजव्या हाताने बाहेर काढला, ओझं उचलावं तसा उचलला, आणि बटणावर नेऊन ठेवला. बोटं आत वळलेलीच होती. त्यांनी उजव्या हाताने ती एकेक करून उलगडली.

चाचांनी गोटी सोडली. ती खाली आली, डावीकडे वळली. चाचींच्या कपाळावरची शीर उठली होती. बोट हललं नाही. गोटी गेली. पुढची सोडली. तीही गेली. चाचा बघत होते ते मशीनकडे नाही, त्या बोटाकडे. मग आणखी एक सोडली. ती वर बराच वेळ खेळली, खाली आली, डाव्या पात्यावरून घरंगळली आणि मधून निसटून गेली, आत पडल्याचा आवाजसुद्धा झाला.

आणि मग पातं उडालं. रिकामंच. गोटी केव्हाच गेलेली. पण उडालं आणि खाली आलं.

चाचांनी पंचा तोंडाला लावला, त्यांचे खांदे हलायला लागले. मीही कुठे बघावं ते कळेना म्हणून काचेतल्या त्या रंगवलेल्या बाईकडे बघत राहिले. चाचींचा हात बटणावरच होता, त्यांनी तो काढला नाही. मान न वळवता त्या म्हणाल्या,

"रडताय काय? दुसरी गोटी सोडा."